क्लाऊडमधील जाळे आणि त्याची किल्ली

धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत संगणकाच्या जाळ्यांविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. त्यास आमचे उत्तर सरळ आहे. सभासदांची नोंदवही, विद्यार्थ्यांचे साहाय्याचे अर्ज, देणगीच्या पावत्यांच्या स्थळप्रती, औषधोपचारासाठी मदत मागणाऱ्या कुटुंबांची कागदपत्रे, ही सारी एके काळी कार्यालयातील लोखंडी कपाटात असत आणि कपाटाची किल्ली चिटणीसांच्या खिशात असे. आज कित्येक संस्थांची ही दप्तरे क्लाऊडमध्ये गेली आहेत. कपाट गेले, पण किल्ली गेलेली नाही. ती कोठे आहे, कोणाच्या हाती आहे आणि ती चोराच्या हाती पडल्यास काय घडते, हे विश्वस्तांनी व सभासदांनी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम क्लाऊड या शब्दाविषयी. ढगासारखे तेथे काहीच नाही. अवाढव्य इमारती, त्यांत रांगेने मांडलेली हजारो यंत्रे, त्यांना थंड ठेवणारी व्यवस्था आणि यंत्रायंत्रांना जोडणाऱ्या तारा, असे त्याचे खरे रूप आहे. आपल्या देशात मुंबई व हैदराबाद येथे अशी मोठी केंद्रे आहेत. त्या इमारतीत आपण भाडेकरू. चाळीत जशी एकाच जिन्यावर अनेक बिऱ्हाडे नांदतात, तशी एकाच यंत्रावर अनेक भाडेकरूंची कामे चालतात. फरक इतकाच की, चाळीतील दोन खोल्यांमधली भिंत विटांची असते आणि येथली भिंत आज्ञांची असते. अमुक ठिकाणाहून आलेला संदेश अमुक दाराने आत घ्यावा, तमुक दाराने घेऊ नये, अशा लिहून ठेवलेल्या आज्ञा हीच येथील भिंत. आज्ञा बदलली की भिंत हलली. सोयही त्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

ही आज्ञांची भिंत कशी उभी राहिली हे पाहू. जाळ्यात संदेश पुढे धाडणारी जी यंत्रे असतात त्यांस स्विच व राउटर म्हणतात. जुन्या पद्धतीत यांतले प्रत्येक यंत्र आपल्यापुरता विचार करी. कोणता संदेश कोणत्या वाटेने धाडावा याचा निर्णय तेच घेई आणि संदेश धाडण्याचे कामही तेच करी. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कोणी रेल्वेच्या नोकरीत होते, त्यांना एकेरी मार्गावरील टोकनची रीत ठाऊक असेल. प्रत्येक स्टेशनमास्तर पलीकडच्या स्टेशनाशी बोलून आपल्या यंत्रातून टोकन काढी आणि ते हाती पडल्यावाचून ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. निर्णय जागच्या जागी होत असे. आता अशी कल्पना करा की, सगळ्या मार्गावरचे स्टेशनमास्तर उठवले, त्यांच्या जागी केवळ हुकूम पाळणारे सांधेवाले ठेवले, आणि संपूर्ण मार्गाचा नकाशा एका दूरच्या कचेरीत टांगून तेथे बसलेल्या एकाच अधिकाऱ्याने सर्व सांधे हलवावयाचे. सॉफ्टवेअरने चालणारे जाळे म्हणतात ते हेच. सांधेवाले म्हणजे स्विच आणि दूरच्या कचेरीतील अधिकारी म्हणजे कंट्रोलर. हा कंट्रोलर माणूस नसून एक प्रोग्रॅम असतो, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे झाले.

या कल्पनेचा उगम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. मार्टिन कसाडो हा तेथला संशोधक-विद्यार्थी, त्याचे मार्गदर्शक निक मॅककिऑन, बर्कलेचे स्कॉट शेंकर व इतर सहकारी यांनी २००७ साली ‘ईथेन’ नावाची रचना मांडली. २००८ साली ‘ओपनफ्लो’ ही कंट्रोलर व स्विच यांच्यातील संभाषणाची भाषा प्रसिद्ध झाली. पुढे २०१२ साली गूगलने आपल्या केंद्राकेंद्रांना जोडणारे जगभरचे खाजगी जाळे याच तत्त्वावर चालते हे जाहीर केले, तेव्हा हा केवळ विद्यापीठातला प्रयोग नव्हे अशी सर्वांची खात्री पटली. यातली विशेष गोष्ट ही की, ‘ईथेन’ची मूळ प्रेरणा संरक्षणाचीच होती. शेकडो यंत्रांवर शेकडो ठिकाणी लिहिलेले नियम कोणालाच एकत्र दिसत नाहीत, म्हणून एका जागी नियम लिहावा आणि प्रत्येक संदेशाने जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, असा तो विचार होता. म्हणजे जी रचना राखणीसाठी काढली, तिच्याच राखणीचा प्रश्न आज आपल्यापुढे आहे.

अशा जाळ्यावर हल्ला कसा होतो? विद्वानांनी ज्यांचा पुष्कळ अभ्यास केला अशा दोन तऱ्हा आधी सांगतो.

पहिली तऱ्हा प्रश्नांच्या भडिमाराची. ओपनफ्लोच्या मूळ रीतीत स्विचपाशी एखादा अनोळखी संदेश आला आणि त्याविषयी आज्ञा लिहिलेली नसली, तर तो कंट्रोलरला विचारतो. अनोळखी गाडी आली की सांधेवाल्याने कचेरीला फोन करावा तसेच हे. आता कोणी दुष्टाने क्षणाक्षणाला हजारो खोट्या, कधीच न पाहिलेल्या गाड्या पाठविल्या तर? सगळे सांधेवाले एकदमच फोन करतील आणि कचेरीतला अधिकारी खऱ्या गाडीलाही उत्तर देऊ शकणार नाही. चोराला कचेरीत शिरावेही लागत नाही, त्याने फक्त रांग लावली. यावर २०१३ साली काही संशोधकांनी ‘अवांत-गार्ड’ नावाचा उपाय सुचविला. संपर्क जोडताना दोन्ही बाजूंनी जी प्राथमिक विचारपूस होते, ती स्विचनेच पुरी करून घ्यावी, आणि जो पाहुणा ती पुरी करील त्याचीच वर्दी वर द्यावी. खोट्या पत्त्याचा पाहुणा ही विचारपूस पुरी करूच शकत नाही. मोठी केंद्रे आणखीही एक करतात. ती नेहमीच्या आज्ञा अगोदरच स्विचपाशी लिहून ठेवतात, म्हणजे विचारण्याचा प्रसंगच थोडा येतो.

दुसरी तऱ्हा अधिक धूर्त, खोट्या नकाशाची. कंट्रोलर आपला नकाशा काढतो तो स्विचांनी एकमेकांस पाठविलेल्या ओळखचिठ्ठ्यांवरून. २०१५ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवून दिले की, जाळ्याला जोडलेला एखादा साधा संगणकही अशी बनावट चिठ्ठी पाठवून नसलेला मार्ग नकाशावर दाखवू शकतो. मग कंट्रोलर प्रामाणिकपणे, नियमानुसार, दुसऱ्याचे संदेश त्या चोराच्या दारावरून नेऊ लागतो. याचा बंदोबस्त असा की, जे दार भाडेकरूच्या यंत्राचे म्हणून ठाऊक आहे त्या दाराने ओळखचिठ्ठी आली तर ती फाडून टाकावी, आणि खऱ्या चिठ्ठीवर कंट्रोलरची मोहोर असावी. कंट्रोलर व स्विच यांच्यातील बोलणे सांकेतिक केलेले असावे हे तर उघडच आहे. तरीही ओपनफ्लोच्या पुढील आवृत्त्यांनी साध्या, उघड्या जोडणीची सवलत ठेवली, आणि सवलत दिली की माणूस ती घेतो.

येथे एक प्रश्न वाचकांस सुचेल. कंट्रोलर मुळीच बोलेनासा झाला तर? २ जून २०१९ रोजी गूगलच्या क्लाऊडमध्ये नेमके हे घडले. कोणाचा हल्ला नव्हता. देखभालीची एक स्वयंचलित आज्ञा, दोन निरुपद्रवी वाटणाऱ्या चुका आणि सॉफ्टवेअरमधला एक दोष एकत्र आले, आणि अनेक ठिकाणची जाळ्याचे नियंत्रण करणारी कामे एकाच वेळी बंद पडली. स्विच काही मिनिटे शेवटच्या आज्ञेवर काम करीत राहिले; नंतर मार्ग मिटू लागले, उरलेल्या वाटांवर गर्दी झाली, आणि स्थिती पूर्ववत् होण्यास काही तास लागले. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्यांची साधनेही त्याच गर्दीत अडकली होती. विचारपूस बंद झाली तरी शेवटच्या शहाण्या आज्ञेवर अधिक काळ निभावता यावे, अशी तजवीज त्यानंतर करण्यात आली.

या दोन तऱ्हा अभ्यासाच्या दृष्टीने सुंदर आहेत. पण चोर अभ्यासक्रम पाहून येत नाही. क्लाऊडमध्ये ज्या मोठ्या हानी प्रत्यक्ष झाल्या, त्यांतील बहुतेकींत चोराने कंट्रोलरला फसविलेच नाही. त्याने मालकाच्या नावाने त्याला सरळ आज्ञा दिली.

हे नीट समजण्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. क्लाऊडच्या मालकाचा कंट्रोलर भाडेकरूला दिसत नाही. दिसते ती एक खिडकी. तिला कन्सोल म्हणतात. त्या खिडकीपाशी आपले नाव व परवलीचा शब्द सांगून भाडेकरू म्हणतो, मला एक यंत्र द्या, त्याचे हे दार उघडा, ते बंद करा, जुनी प्रत पुसा. खिडकीमागचा प्रोग्रॅम ओळख पटली की तत्काळ तसे करतो. का, कशासाठी, हे तो विचारीत नाही. लोखंडी कपाट फोडावयास चोराला रात्र लागली असती. येथे एक ओळ पुरते.

इंग्रजी मुलखात ‘कोड स्पेसेस’ नावाची एक कंपनी होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपले काम तिच्याकडे सुरक्षित ठेवावे, हा तिचा व्यवसाय. तिचे सारे बिऱ्हाड ॲमेझॉनच्या क्लाऊडमध्ये होते. १७ जून २०१४ रोजी तिच्यावर आधी संदेशांचा भडिमार झाला. असे भडिमार पूर्वीही झाले होते, म्हणून मंडळी फारशी घाबरली नाहीत. मग कन्सोल उघडून पाहतात तो तेथे कोणीतरी निरोप ठेवलेला : अमुक पत्त्यावर संपर्क साधा आणि मोठी रक्कम द्या. चोर खिडकीच्या आत होता. कंपनीने घाईघाईने परवलीचे शब्द बदलले. परंतु चोराने आधीच आपल्यासाठी आणखी नावे नोंदवून ठेवली होती. आपल्याला बाहेर काढण्याची खटपट चालली आहे हे दिसताच त्याने एकामागून एक वस्तू पुसावयास आरंभ केला. ताबा परत मिळेपर्यंत बहुतेक दप्तर, यंत्रांची मांडणी, राखीव प्रती, इतकेच नव्हे तर दूरच्या ठिकाणी म्हणून ठेवलेल्या प्रतीसुद्धा, अंशतः वा पूर्णपणे नष्ट झाल्या होत्या. सारा प्रकार सुमारे बारा तासांत आटोपला. कंपनीने गिऱ्हाईकांची क्षमा मागितली आणि आपला व्यवहार बंद केला.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. राखीव प्रती नव्हत्या असे नाही. त्या दुसऱ्या ठिकाणी होत्या, पण त्याच किल्लीने उघडणाऱ्या. अंतर हे संरक्षण नव्हे, निराळी किल्ली हे संरक्षण. आगीचा विचार करणारा माणूस प्रत दुसऱ्या गावी ठेवतो. चोराचा विचार करणाऱ्याने ती दुसऱ्याच्या ताब्यातही ठेवली पाहिजे. जुन्या पेढ्यांत हे शहाणपण होते. तिजोरीला दोन कुलपे असत आणि दोन किल्ल्या दोन घरी असत.

दुसरे उदाहरण ‘कॅपिटल वन’ या अमेरिकन बँकेचे. मार्च २०१९ मध्ये तिच्या ॲमेझॉनवरील कोठारातून अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती नेण्यात आली. युक्ती समजून घेण्यासारखी आहे. क्लाऊडमधील प्रत्येक यंत्राला १६९.२५४.१६९.२५४ या आतल्या पत्त्यावर विचारणा करता येते, आणि तेथून त्याला आपल्या कामापुरती तात्पुरती किल्ली मिळते. बाहेरच्यास हा पत्ता गाठता येत नाही. पण बँकेने दारावर संदेश तपासण्यासाठी जे द्वारपाल-यंत्र ठेवले होते, त्याची मांडणी चुकलेली होती. बाहेरून आलेल्या व्यक्तीने द्वारपालालाच निरोप्या केले : ‘‘तू आत जाऊन विचार आणि उत्तर मला आणून दे.’’ त्याने ते केले. दुसरी चूक अशी की, द्वारपालाच्या किल्लीने कोठारेही उघडत होती. दाराशी बसणाऱ्याला तिजोरीची किल्ली कशाला? त्याच वर्षी नोव्हेंबरात ॲमेझॉनने त्या पत्त्यावरील विचारणेची नवी रीत आणली. तीत आधी एक बिल्ला मागून घ्यावा लागतो आणि तो दाखविल्याशिवाय किल्ली मिळत नाही. साधा निरोप्या हे दोन टप्पे पार करू शकत नाही. जुन्या यंत्रांवरची जुनी रीत मात्र भाडेकरूने स्वतः बंद करावयाची असते. २०२० साली सरकारी नियामकाने ८ कोटी डॉलरांचा दंड केला तो बँकेला, म्हणजे भाडेकरूला, केला. इमारतीची राखण मालकाची, आपल्या खोलीच्या कुलपाची जबाबदारी आपली, हा क्लाऊडमधील सर्वमान्य करार आहे. तो वाचल्यावाचून सही करणारे पुष्कळ.

आता भिंतींविषयी थोडेसे. जुन्या पद्धतीत एका जाळ्याचे जास्तीत जास्त ४,०९६ विभाग पाडता येत. हजारो भाडेकरूंना ते कसे पुरणार? म्हणून ‘व्हीएक्सलॅन’ ही रीत आली आणि २०१४ साली तिचा मसुदा प्रसिद्ध झाला. तीत भाडेकरूचा संदेश दुसऱ्या लिफाफ्यात घालून त्यावर विभागाचा क्रमांक लिहितात. असे १ कोटी ६७ लाखांहून अधिक क्रमांक होतात. परंतु हा केवळ क्रमांक आहे, कुलूप नव्हे. लिफाफा ज्या आतल्या मार्गिकेतून जातो तेथवर जो पोहोचला, तो हवा तो क्रमांक लिहू शकतो. म्हणून ती मार्गिका भाडेकरूंना सर्वस्वी बंद ठेवावी लागते, आणि नाजूक मजकूर आत सांकेतिक करूनच पाठवावा लागतो.

भिंत नसली म्हणजे काय होते हे आपल्याच देशाने पाहिले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणक-व्यवस्था घुसखोरांनी बंद पाडली. पाच सर्व्हर व सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. कित्येक दिवस नोंदणीचे काम हाताने, कागदावर चालले. जाळ्याचे विभाग नीट पाडलेले नव्हते, हे कारण पुढे सरकारने संसदेत सांगितले. ही घटना क्लाऊडमधली नव्हे, परंतु आमच्या विषयाशी तिचा निकट संबंध आहे. तारांच्या जाळ्यात नवा विभाग पाडणे खर्चाचे व कटकटीचे काम असते, म्हणून ते लांबणीवर पडते. सॉफ्टवेअरच्या जाळ्यात एकेका यंत्राभोवती निराळी भिंत उभारता येते, आणि तीस खर्च लागतो तो आज्ञा लिहिण्याएवढाच. पावत्या छापणाऱ्या यंत्राला विद्यार्थ्यांच्या अर्जांच्या कोठाराशी बोलण्याचे कारण नाही, तर ती वाट बंदच असावी. चोर एका खोलीत शिरला तरी त्याला दुसरी खोली दिसू नये. या नव्या पद्धतीचा हा खरा लाभ आहे, आणि तिच्या धोक्यांचे वर्णन करताना तो विसरणे न्यायाचे होणार नाही. एम्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. राखीव प्रतीचा एक सर्व्हर घुसखोरांच्या हाती लागला नव्हता. त्यावरून रुग्णांची सर्व माहिती नव्या यंत्रांवर परत उभी करता आली. कोड स्पेसेस बुडाली आणि एम्स सावरले, यांतील मोठा फरक एवढाच.

संस्थांपुरता विचार केल्यास आम्हांस सर्वांत काळजीची वाटते ती मुख्य किल्ली. उत्साही कार्यकर्ता, किंवा त्याचा संगणक शिकलेला मुलगा, आपल्याच ईमेलवर व आपल्याच मोबाईलवर संस्थेचे खाते उघडून देतो. हेतू उत्तम असतो. तीन वर्षांनी तो पुण्यास वा परदेशी जातो, आणि संस्थेची किल्ली त्याच्याबरोबर जाते. मुख्य खाते संस्थेच्या ईमेलवर असावे, त्याचा परवलीचा शब्द बंद पाकिटात असावा, आणि त्याच्या जोडीला ओळखीची दुसरी खूण असावी. मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीपेक्षा हाती धरावयाची छोटी सुरक्षा-चावी अधिक भरवशाची. रोजच्या कामासाठी मुख्य खाते वापरूच नये. प्रत्येक कार्यकर्त्याला आपल्या कामापुरते वेगळे नाव द्यावे, आणि तो पदावरून उतरला की त्याच दिवशी ते नाव काढावे.

आज्ञा बदलण्याची रीतही ठरलेली असावी. मोठ्या कंपन्यांत जाळ्याच्या आज्ञा एका मजकुरात लिहितात, दुसरा मनुष्य त्या वाचून संमती देतो, मगच त्या खिडकीतून आत जातात. आपणांस यात नवे काहीच वाटू नये. सभेत ठराव मांडणारा एक आणि अनुमोदन देणारा दुसरा, ही आपली जुनीच चाल आहे. प्रत्येक आज्ञेची नोंदही राहिली पाहिजे. भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या व माहिती-केंद्रे यांना अशा नोंदी १८० दिवस जपण्यास आणि घुसखोरी ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळविण्यास सांगितले. लहान संस्थेनेही हाच मापदंड पत्करावा. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. तोही जबाबदारी टाकतो ती माहिती गोळा करणाऱ्यावर; यंत्र भाड्याचे होते ही सबब तेथे चालत नाही.

राहता राहिली राखीव प्रत. ती वेगळ्या खात्यात, वेगळ्या व्यक्तीच्या किल्लीखाली असावी, आणि ठराविक मुदतीपर्यंत कोणालाही, खुद्द मालकालाही, पुसता येणार नाही अशा बंधनात ठेवावी. मोठे क्लाऊडवाले ही सोय देतात. शिवाय वर्षातून एकदा, हिशेब-तपासणीच्या सुमारास, त्या प्रतीवरून सभासदांची यादी व शिष्यवृत्तीचे अर्ज एका कोऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभे करून पाहावेत. किती तास लागले, काय सापडले नाही आणि त्या वेळी किल्ली कोणाकडे होती, हे कार्यवृत्तात लिहून ठेवावे.